तळ्यापासून ऐंशी पावलं

डोंगरावर मुक्कामाला निघालेल्या मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो: "तळ्याच्या अगदी काठावर तंबू लावला तर काय बिघडलं?"

प्रश्न रास्त आहे. दिवसभर चढून आल्यावर पाणी दिसलं की पाय आपोआप तिकडे वळतात. जागा सपाट, पाणी हाताशी, आणि रात्री त्याच पाण्यात चांदणं उतरणार. मग डोंगर जाणणारी माणसं तळ्यावर पाणी भरून घेतात आणि मुक्कामाला मात्र पाठ फिरवून थोडी वर चढतात, ती का?

या 'का'चं उत्तर एका घरगुती वस्तूत आहे. डोंगरावरचं तळं म्हणजे एक वाटी. उतारावरून जे जे ओघळतं ते वाटीच्या तळाशी येऊन थांबतं. पावसाचं पाणी थांबतं, तसाच रात्रीचा गारठा थांबतो, माणसांनी केलेली घाणही तिथेच येऊन थांबते. तहानलेली जनावरं त्याच तळाकडे उतरतात. ही वाटी नीट समजली की तंबू कुठे लावायचा, पाणी कसं प्यायचं, शौचाला कुठे जायचं, हे नियम पाठ करावे लागत नाहीत. ते आपोआप सुचतात.

इथे आपण अगदी साधा मुक्काम धरून चाललो आहोत. नळ नाही, दिवा नाही, संडास नाही. पाठीवरून आणलेला तंबू किंवा ताडपत्री, आणि समोर तळं.

१. डोंगरमाथ्यावर पाणी येतं कुठून?

सह्याद्री काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा बनलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारसाचे थर एकावर एक पसरत गेले. म्हणूनच आपले डोंगर लांबून पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात: उभा कडा, मग सपाटी, पुन्हा कडा. सपाटीवरचा खडक अखंड आणि घट्ट असेल तर पावसाचं पाणी आत झिरपत नाही. खोलगट जागा मिळाली की ते तिथे साचतं. गडांवर माणसांनी यात भर घातली. बांधकामाला दगड काढला आणि उरलेला खड्डा पाण्याला ठेवला. गडावरची कितीतरी टाकी अशी दुहेरी उपयोगाची आहेत.

अकोले तालुक्यातल्या १४२४ मीटर उंचीच्या हरिश्चंद्रगडावर मंदिराजवळ सप्ततीर्थ पुष्करणी आहे आणि आजूबाजूला खोदीव टाकी आहेत. लोणावळ्याजवळच्या राजमाचीला श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले आहेत. त्यांच्या पायथ्याच्या उधेवाडीजवळ तळं आहे आणि तळ्याच्या काठी महादेवाचं जुनं देऊळ. दोन्ही ठिकाणी शेकडो लोक मुक्कामाला जातात.

या पाण्याचं एक वैशिष्ट्य लक्षात ठेवा. नदीला मागून नवं पाणी येत असतं. डोंगरावरच्या बहुतेक तळ्यांना आणि टाक्यांना ते येतं फक्त पावसाळ्यात. त्यानंतर आहे ते पाणी पुढच्या जूनपर्यंत पुरवायचं असतं.

एक छोटं गणित मांडू. समजा, एक टाकं १० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल आहे. दिवाळीच्या सुमारास ते काठोकाठ भरलं तर पाणी झालं ३०० घनमीटर, म्हणजे ३ लाख लिटर. ऊन-वाऱ्याने रोज सरासरी ५ मिलिमीटर पाणी उडून जातं असं धरू. नोव्हेंबर ते मे या सुमारे २१० दिवसांत पातळी १ मीटरहून थोडी अधिक उतरेल. कोणी घागरभरसुद्धा पाणी नेलं नाही तरी ३ लाखांतले सुमारे १ लाख ५ हजार लिटर गेले.

उडून गेलं ते फक्त पाणी. त्यात विरघळलेले क्षार, साबण, खरकट्याचा अंश, हे सगळं मागेच राहिलं. दूध आटवून बासुंदी करताना दूध कमी होतं, साखर कमी होत नाही, तसंच हे. काही भर न घालता टाक्यातलं पाणी दीडपट दाट झालं. त्यात पाहुण्यांनी भर घातली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

२. रात्री गारठा कुठे उतरतो?

आता तंबूच्या जागेकडे वळू. सूर्य मावळल्यावर जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडू लागते. आकाश ढगाळ असेल तर ढग पांघरुणासारखे आड येतात. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री हे पांघरूण नसतं, म्हणून जमीन भराभर निवते. जमिनीला चिकटलेली हवाही तिच्याबरोबर गार होते. गार हवा उबदार हवेपेक्षा जड असते. वारा पडलेला असेल तर ही जड हवा उतारावरून सावकाश खाली सरकते आणि खोलगट जागेत साचते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण तिची चाल काकवीसारखी असते: संथ आणि सतत खाली.

म्हणून वाटीच्या तळाशी झोपलेला माणूस कुडकुडतो आणि थोडं वर झोपलेल्याला तितकी थंडी वाजत नाही. निफाडकडच्या द्राक्ष बागायतदारांना थंडीचा हा स्वभाव चांगला ठाऊक आहे. थंडीची लाट आली की ते बागेत शेकोट्या पेटवतात आणि सखल भागातल्या वेलींची जास्त काळजी करतात.

"पण पाणी तर रात्री उबदार असतं ना?" असंही कोणी विचारेल. बरोबर आहे. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला जितकी उष्णता लागते, तिच्या साधारण पाचव्या हिश्शात एक किलो खडक तेवढाच तापतो. त्यामुळे खडक लवकर तापतो आणि लवकर निवतो. पाणी दोन्ही बाबतींत संथ. पहाटे तळ्यात हात घातला तर पाणी हवेपेक्षा कोमट लागतं ते याचमुळे. पण ही ऊब काठावर झोपलेल्याच्या अंगाला लागत नाही. उलट कोमट पाण्यावरची वाफ वरच्या गार हवेत गेली की तिचं धुकं होतं. काठावरचा माणूस त्या धुक्यात झोपलेला असतो.

मग जागा कोणती निवडायची? तळ्याच्या पातळीपासून थोडी वर, उताराच्या खांद्यावर, वाऱ्याकडे पाठ असलेली. अगदी माथ्यावरही नको, कारण तिथे वारा झोडपतो. हरिश्चंद्रगडावरच्या कोकणकड्यासारख्या कड्याच्या टोकाला तर मुळीच नको. तिथे वाऱ्याचा जोर असतोच, शिवाय रात्री झोपेत उठलेल्या माणसाला अंधारात चार पावलंही जीवघेणी ठरू शकतात. पावसाचा संभव असेल तर ओहोळाची वाट टाळा. कोरडा ओहोळ सपाट आणि मऊ दिसतो, पण तो वाटीकडे जाणाऱ्या पाण्याचा रस्ता आहे.

३. तंबू आतून ओला का होतो?

रात्री पाऊस नाही, तरी सकाळी तंबूचं कापड आतून निथळतंय. तंबू गळतो अशी शंका येते. खरं कारण वेगळं आहे आणि ते समजायला हवेला पातेलं माना. गरम हवा म्हणजे मोठं पातेलं, त्यात वाफ जास्त मावते. गार हवा म्हणजे लहान पातेलं.

२० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते. १० अंशांना मावते सुमारे ९ ग्रॅम. समजा, संध्याकाळी २० अंश असताना तळ्याकाठच्या हवेत १३ ग्रॅम वाफ आहे. पातेलं भरायला अजून जागा आहे, म्हणून सगळं कोरडं वाटतं. पहाटे पारा १० अंशांवर आला की पातेलं ९ ग्रॅमचं होतं. वरची ४ ग्रॅम वाफ कुठे जाणार? ती पाणी होऊन सर्वांत गार पृष्ठभागावर बसते: गवतावर, दगडावर आणि तंबूच्या कापडावर. हेच दव. तळ्याजवळच्या हवेत मुळातच वाफ जास्त, म्हणून काठावर दव अधिक.

यात आपलीही भर पडते. माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून, घाम न येतासुद्धा, दिवसाला सुमारे ८०० मिलिलिटर पाणी वाफ होऊन जातं. आठ तासांच्या झोपेत हे पाव लिटरहून थोडं जास्त होतं. दोघं जण झोपले तर अर्धा लिटर पाणी तंबूत आलं. दारं-झडपा घट्ट बंद केल्या तर ते जाणार कुठे?

उपाय सोपा आहे. थंडी वाजली तरी तंबूच्या झडपा थोड्या उघड्या ठेवा. दुपदरी तंबूत आतलं कापड वाफ बाहेर जाऊ देतं आणि दव बाहेरच्या कापडावर बसतं. म्हणून तणावे ओढून दोन्ही कापडांमध्ये अंतर राहील असं पाहा, कापड कापडाला टेकू देऊ नका. ताडपत्रीचं पाल असेल तर दोन्ही तोंडं मोकळी सोडा. ओल्या छताला पाठ किंवा पांघरूण लागू देऊ नका.

ऊब हवी असेल तर ती खालून सांभाळा. अंगाची उष्णता गार जमिनीत झपाट्याने जाते. म्हणून वर दोन पांघरुणं घेण्यापेक्षा खाली एक जाड अंथरूण घेणं शहाणपणाचं. फोमची चटई किंवा धनगरी घोंगडी याच कामाची. लोकरीच्या धाग्यांत हवा अडकून राहते आणि अडकलेली हवा उष्णतेला सहज वाट देत नाही. घोंगडी थोडी दमट झाली तरी हा गुण पुष्कळसा टिकतो.

४. नितळ पाणी आणि शुद्ध पाणी

तळ्याचा तळ दिसतो म्हणजे पाणी पिण्याजोगं आहे, असा समज सर्वदूर आहे. तळ दिसणं म्हणजे गाळ खाली बसला, एवढंच. जुलाब, कावीळ, विषमज्वर देणारे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, ते कितीही नितळ पाण्यात असू शकतात. वाटीच्या उतारावर गुरं चरतात, माणसं वावरतात. पावसात सगळं धुऊन वाटीतच येतं.

म्हणून दोन पायऱ्या पाळा. पहिली पायरी गाळण्याची. जुन्या सुती कापडाच्या अनेक घड्या घालून पाणी गाळा. याची ताकद कमी समजू नका. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या खेड्यांत जुन्या सुती साडीच्या घड्यांतून पाणी गाळायला लावलं. तेव्हा कॉलऱ्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून राहतात. ते जीव कापडात अडकले की जंतूंचा मोठा भागही अडकतो.

पण सगळे जंतू कापडात अडकत नाहीत. म्हणून दुसरी पायरी उकळण्याची. खळखळून उकळी फुटली की ती किमान १ मिनिट चालू ठेवा. २००० मीटरच्या वर, उदाहरणार्थ हिमालयात, ३ मिनिटं. उंचीचा इथे काय संबंध? वर हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे पाणी कमी तापमानाला उकळतं. साधारण दर ३०० मीटरला १ अंश कमी. हरिश्चंद्रगडाची उंची १४२४ मीटर, म्हणजे जवळजवळ ५ अंश कमी. तिथे पाणी सुमारे ९५ अंशांना उकळतं. जंतू मरायला ते पुरेसं आहे. डाळ शिजायला मात्र घरच्यापेक्षा जास्त वेळ लागतो, तेव्हा इंधन त्या हिशेबाने न्या.

एक गोष्ट उकळून जात नाही: विरघळलेलं रसायन. पाण्यावर हिरवट साय धरली असेल, त्याला वास येत असेल किंवा साबणाचा फेस दिसत असेल, तर ते पाणी उकळूनही पिऊ नका. काही शेवाळसदृश जीवांची विषं उकळल्याने नाहीशी होत नाहीत. अशा वेळी गावातून पाणी घेऊन चढणंच योग्य.

५. ऐंशी पावलांचा हिशेब

डोंगरभटक्यांमध्ये जगभर एक अंतर रूढ आहे: मुक्काम, शौच आणि धुणीभांडी पाण्यापासून २०० फुटांवर, म्हणजे ६० मीटरवर. आपलं एक पाऊल साधारण ७५ सेंटिमीटरचं धरलं तर ही झाली ८० पावलं. मोजपट्टी लागत नाही. तळ्याच्या काठावर उभं राहा, पाठ फिरवा आणि चालताना मोजा.

एवढं अंतर कशाला? कारण माती हीच डोंगरावरची गाळणी आहे. सांडपाणी मातीतून जाताना मातीतले जीव त्यातली घाण खातात, बरीचशी घाण मातीच्या कणांना चिकटून राहते. या कामाला वेळ लागतो आणि वेळ म्हणजेच अंतर. काठावर सांडलेलं पाणी गाळणीला टाळून थेट वाटीत पडतं.

शौचासाठी ८० पावलांपलीकडे, ओहोळापासून बाजूला, एक वीतभर खोल खड्डा करा आणि नंतर मातीने बुजवा. वीतभरच का? मातीतले जीव वरच्या थरात भरपूर असतात, खोल गेलं की ते विरळ होतात. ओले कागदी रुमाल आणि सॅनिटरी पॅड मात्र पुरू नका, ते पिशवीत घालून खाली आणा. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, मातीचा थर बोटभरही नसतो. तिथे गाळणीच नाही. अशा ठिकाणी खाली मातीच्या जागेत जावं, नाहीतर गावातल्या शौचालयाचा आधार घ्यावा.

आंघोळ आणि भांड्यांचंही तेच. तळ्यावर भांडी नेऊ नका, पाणी भांड्यांकडे आणा. चौघांच्या एका रात्रीचा हिशेब करू. पिण्यासाठी माणशी ३ लिटर म्हणजे १२, स्वयंपाक आणि धुण्यासाठी माणशी २ लिटर म्हणजे ८. एकूण २० लिटर. दोघांनी एका खेपेत आणण्याएवढं हे पाणी. एका खेपेच्या कष्टात तळं वाचतं. 'नैसर्गिक' म्हणून विकला जाणारा साबणही पाण्यात विरघळवू नका. तो कुजतो हे खरं, पण कुजायला त्याला माती लागते. भांड्यांना राख किंवा माती पुरते.

टाक्यांत पोहू नका. ते कोणाचं तरी पिण्याचं पाणी आहे. शिवाय खोदीव टाक्याच्या कडा उभ्या असतात आणि त्यांवर शेवाळ असतं. आत उतरणं सोपं आणि बाहेर येणं अवघड, म्हणून पट्टीचे पोहणारेही तिथे बुडतात.

६. ही वाट आधी कोणाची?

दिवस मावळताना आणि उजाडायच्या आधी जनावरं पाण्यावर येतात. भेकर, सांबर, रानडुक्कर, कधी बिबट्या. उन्हाळ्यात आसपासचे झरे आटले की एकच तळं साऱ्या रानाला पुरवतं. काठावर दिवे, गाणी आणि तंबू असतील तर ही जनावरं तहानलेली परत जातात. ८० पावलांचं अंतर त्यांच्यासाठीही आहे. काठाच्या चिखलात खुरांचे ठसे आणि उतरलेली पायवाट दिसली तर तंबू त्या रेषेत लावू नका.

सापांबद्दल थोडक्यात. फुरसं दगडांखाली दडतं, तेव्हा मेखा ठोकायला दगड उचलताना आधी काठीने हलवा. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश अनेकदा दुखत नाही. म्हणून उघड्यावर जमिनीवर झोपू नये, तंबूची जाळी बंद ठेवावी आणि रात्री विजेरीशिवाय पाऊल टाकू नये. दंश झालाच तर चिरू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. माणसाला स्थिर ठेवा, १०८ ला फोन करा आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या. डोंगरावर मोबाइलला कुठे रेंज मिळते ते संध्याकाळीच पाहून ठेवा.

७. आग आणि वीज

दिवाळीनंतर डोंगरावरचं गवत वाळतं आणि एका ठिणगीने वणवा लागतो. वणव्यात झाडोरा जळाला की पुढच्या पावसात उघडी माती वाहून तळ्यात येते आणि वाटी गाळाने भरत जाते. म्हणून शेकोटीऐवजी छोटा स्टोव्ह वापरा, आणि तोही तंबूबाहेर. तंबूत स्टोव्ह किंवा निखाऱ्यांची शेगडी कधीही ठेवू नका. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला तो जागही येऊ देत नाही.

एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या पावसाबरोबर विजा येतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा. उत्तर किलोमीटरमध्ये मिळतं. ९ सेकंद म्हणजे ३ किलोमीटर. पण गडगडाट ऐकू येतोय म्हणजेच वीज आपल्यापर्यंत पोहोचण्याच्या टप्प्यात आहे. पाण्यातून बाहेर या, माथा आणि एकटं झाड सोडा आणि गावातल्या पक्क्या घराकडे चला. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परतू नका. तंबू विजेपासून वाचवत नाही.

८. निघण्यापूर्वी

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर एका दमात देता येईल. काठावर तंबू लावला तर गारठा अंगावर साचतो, दव जास्त पडतं, आपली घाण पाण्यात उतरते आणि जनावरांची वाट अडते. चारही गोष्टींचं कारण एकच, वाटीचा उतार.

जाण्याआधी परवानगीची चौकशी करा. हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे वनखात्याचे नियम लागू होतात. काही ठिकाणी तंबूला मनाई असते, ती पाळावी. उधेवाडीसारख्या गावात आधी गावकऱ्यांना भेटा. कोणतं पाणी पिण्याचं, कोणतं गुरांचं, यंदा ते कधीपर्यंत पुरेल, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नाही. त्यांच्याकडे जेवण घ्या, त्याचे पैसे द्या. सकाळी मेखा उपटल्यावर जागेकडे एकदा वळून पाहा आणि आपलं जे जे राहिलं असेल ते उचला.

आणि तळ्याकाठी जरूर जा. संध्याकाळी बसा, पहाटे पुन्हा बसा, धुकं उठताना पाहा. फक्त झोपायला ८० पावलं मागे या. जे पाणी तुम्ही पाहिलं त्यावरच गावाला, गुरांना आणि रानाला दिवस काढायचे आहेत. जूनपर्यंत त्यात फारशी भर पडणार नाही.